चौथ्या रकान्यासाठी आभार

आदरणीय ताई,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, टेबलावरच्या पाटीवर वाचलं होतं. पण इथे लिहीत नाही. आपल्याकडे माहिती अडवणाऱ्याचं सहसा काही बिघडत नाही. पटकन देणाऱ्याचं चारचौघांत कौतुक झालं, तर मात्र वरच्या साहेबांच्या भुवया चढतात. म्हणून कार्यालयही सांगत नाही आणि तालुकाही. सोमवारी दुपारी निळी फाइल काखेत मारून, भांडायच्याच तयारीने आलेला एक माणूस आठवत असेल, तर तो मी.

तयारी भांडणाची का होती? आमचा हाताने लिहिलेला सातबारा संगणकावर चढला आणि त्यात आजोबांचं नाव गळालं. कुणी मुद्दाम केलं असं म्हणणार नाही. उतरवून घेताना एक ओळ सुटली असेल, पण सुटलेली ओळ नेमकी आमची होती. मी माहिती अधिकारात अर्ज टाकला आणि भाबडेपणाने विचारलं, ‘आजोबांचं नाव का वगळलं?’ बरोबर एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. तीस दिवसांची मुदत अशीही पाळता येते तर! ‘सदरची माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ दुसऱ्या अर्जात प्रश्नचिन्ह काढलं आणि त्या गटाचे सगळे कागद मागितले. ‘मागणी केलेली माहिती व्यापक स्वरूपाची आहे.’ तिसऱ्यांदा सालं घालून मोजके सातबारे आणि त्यांच्याशी संबंधित नोंदी मागितल्या. ‘अभिलेख आढळून येत नाही.’ एक ओळ, खाली गोल शिक्का.

कबूल करतो, माझा पहिला अर्ज कच्चा होता. कायदा कागद देतो, खुलासे नाही. पण त्याच कायद्याच्या कलम ५(३) मध्ये अर्जदाराला वाजवी साहाय्य करा असंही लिहिलंय, आणि तीन अर्ज वाचणाऱ्यांपैकी एकालाही ‘अहो, असं नाही, असं लिहा’ म्हणावंसं वाटलं नाही. खिडकीवरच्या गृहस्थांनी तेवढं विचारलं होतं, ‘कशाला हवीय माहिती?’ म्हणजे, तुला काय करायचंय रे?

मग अपील, तारखा, सुनावणी. ते सगळं उगाळत बसत नाही. शेवटी ‘अर्जदारास अभिलेख पाहू द्यावेत’ असा आदेश हातात पडला आणि मी तुमच्या खोलीच्या दारात उभा राहिलो.

छतापर्यंत रॅक, त्यावर लाल कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे, म्हणजे रुमाल, डांबरगोळ्यांचा वास. तुम्ही आदेश वाचलात, मान वर केलीत आणि विचारलंत, “कशाला हवंय?”

माझं डोकंच फिरलं. घोकून ठेवलेलं वाक्य मी तुमच्या तोंडावर फेकलं: “कलम सहा, पोटकलम दोन. अर्जदाराला कारण विचारता येत नाही.”

तुम्ही हसलात. “नकाच सांगू. पण कशाला ते कळलं, तर कुठला रुमाल सोडायचा ते मला कळेल. एकशे पंचावन्नला लावायचंय का?”

ताई, मी खजील झालो. प्रश्न तोच, शब्दही तेच. महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली अभिलेखातली लिहिण्याची चूक दुरुस्त करून मागता येते आणि मला तेच करायचं होतं. पण इतक्या दिवसांत ते ओळखणाऱ्या तुम्ही पहिल्या. वर म्हणालात, “सातबारे मागत बसलात. सातबारा सांगतो नाव कुणाचं आहे. ते लागलं कसं, ते फेरफार सांगतो. सहा नंबर बघू.” सहा नंबर म्हणजे गावच्या फेरफारांचं, जमिनीवरचे हक्क बदलल्याच्या नोंदींचं रजिस्टर.

आमच्या गावाच्या गठ्ठ्यात ते रजिस्टर खरोखरच नव्हतं. ‘आढळून येत नाही’ हे तेवढ्यापुरतं खरंच म्हणायचं. तुम्ही क्षणभर थांबलात, “पूर्वी या दोन गावांचा सजा एकच होता ना,” असं स्वतःशीच पुटपुटलात (सजा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं) आणि शेजारच्या गावाचा रुमाल सोडलात. त्यात आमचं रजिस्टर होतं. १९६७ सालचा, आजोबा आणि त्यांच्या भावांच्या वाटणीचा फेरफार.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ते त्यानंतरच्या दहा मिनिटांसाठी आहे.

झेरॉक्स काढून आली. मला तर ती सोन्याच्या पत्र्यासारखी दिसत होती. तुम्ही सत्यप्रतीचा शिक्का उचललात, शाईवर टेकवलात आणि हात तसाच हवेत थांबला. “थांबा. शेरा कापला गेलाय.”

मला काही दिसेना. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. फेरफाराला चार रकाने असतात: नोंदीचा नंबर, हक्क कसा मिळाला त्याचा मजकूर, कुठल्या जमिनीवर परिणाम झाला ते, आणि शेवटचा, तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचा नि शेऱ्याचा. रजिस्टर रुंद, मशीनचा कागद अरुंद, त्यामुळे चौथा रकाना बाहेर राहिला होता. “नोंद तलाठी घालतो. ती मंजूर झाली की रद्द, ते इथे असतं. हे असं नेलंत तर परत पाठवतील तुम्हाला.”

पाच वाजायला आले होते. मशीनवर प्लास्टिकचं कव्हर चढलं होतं, मशीनवाला डबा पिशवीत भरत होता. तुम्ही स्वतः ते रजिस्टर लहान मुलाला उचलावं तसं दोन्ही हातांवर घेऊन गेलात. त्याला मशीन पुन्हा सुरू करायला लावलंत, रजिस्टर आडवं फिरवलंत, शिवणीवर ताण येऊन पान फाटू नये म्हणून खाली लाकडी पट्टी सरकवलीत. दुसरी प्रत आली, शेऱ्यासकट. पावती एकाच पानाची, दोन रुपयांची. फसलेल्या प्रतीवर आडवी रेघ मारून ती माझ्या हातात दिलीत, “घ्या, पाठकोरा आहे. हिशेबाला होईल.”

माहिती दिली नाही तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, असं कायदा सांगतो. पण झेरॉक्सची कड बघा, असं त्याच्या कुठल्याही कलमात नाही. अर्धी प्रत दिली असतीत तरी तुमच्या दप्तरी ‘माहिती पुरविली’ अशीच नोंद झाली असती, आणि चूक मला दोन महिन्यांनी, दुसऱ्याच कुणाच्या टेबलापुढे कळली असती. तुम्ही तो कागद पुढच्या टेबलावरच्या साहेबाच्या नजरेने, पण माझ्या बाजूने वाचलात. या कायद्यासाठी महाराष्ट्रात उपोषणं झाली, देशाच्या आधी २००२ मध्ये आपण आपला कायदा केला, मग २००५ चा आला. त्या सगळ्या खटपटीने दार उघडलं हे खरंच. पण आत कुणी पाणी विचारणारं भेटावं लागतं. अशी माणसं असतात. पत्ता अपुरा असला तरी पत्र बरोबर घरात टाकणारा पोस्टमन असतो, आपलं गाव विचारून घेऊन अंधारात फाट्यावर बस थांबवणारा कंडक्टर असतो. त्यांची नोंद कुठल्याच नमुन्यात होत नाही.

घरी आलो. दादांनी (आम्ही वडिलांना दादा म्हणतो) चष्मा लावला आणि काय केलं असेल? मजकूर सोडून आधी चौथा रकाना वाचला. सहीवर बोट ठेवून म्हणाले, “हे सर्कल भाऊसाहेब. सायकलवर यायचे. त्या दिवशी मी होतो चावडीवर, सात वर्षांचा. बापानं जबाबावर अंगठा दिला आणि शाई पुसली माझ्या सदऱ्याला. आईनं मलाच बदडलं.” ही गोष्ट त्यांनी आम्हाला आजवर कधी सांगितली नव्हती.

दुरुस्तीचा अर्ज लावलाय. निकाल यायचाय. पाठकोरा कागद फाइलमध्येच आहे, त्यावर हिशेब लिहायला हात झाला नाही.

आपला,
निळ्या फाइलवाला