ऑइल काळं पडलं म्हणून बदलू नका

महोदय,

‘दर पाच हजार किलोमीटरला इंजिन ऑइल बदला’ हा सल्ला जुन्या मिनरल (साध्या खनिज) ऑइलच्या काळातला. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, अशी मुदत असते. यातलं ‘एक वर्ष’ लोक सोयीस्करपणे विसरतात. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापत नाही; न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये मुरते, ऑइल पातळ होतं, गाळ धरतो. अशी गाडी वर्षभरात जेमतेम तीन हजार चालली तरी ऑइल बदलावंच.

रंगावर जाऊ नका. डिझेल गाडीत नवं ऑइलही लगेच काळं पडतं. पातळी मात्र महिन्यातून एकदा बघा: गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून पुसायची, पुन्हा घालायची आणि काढून बघायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. जास्त भरलं तर क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरता दांडा) ते घुसळतो, फेस होतो आणि ऑइलचा दाब घसरतो. बीएस-६ (नव्या प्रदूषण निकषांच्या) डिझेल गाडीत पातळी आपोआप वाढली, तर बहुधा त्यात डिझेल उतरतंय. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तपासून घ्या.

ऑइलबरोबर फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशरही नवा हवा. आणि पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगितलेल्या इंजिनात ‘जाड ऑइल टिकतं’ म्हणत जाड २०डब्ल्यू-५० ओतणाऱ्या गॅरेजवाल्याला सरळ नाही म्हणा.

– एक वाचक, नाशिक