विणीच्या काळात कडे मोकळे सोडा

रविवारच्या पुरवणीतील सह्याद्रीतल्या प्रस्तरारोहणावरचा लेख आवडला; मात्र कड्यांवरच्या घरट्यांचा त्यात उल्लेखही नाही, हे खटकले. आपला चढाईचा हंगाम हिवाळ्याचा आणि लांब चोचीच्या गिधाडांच्या विणीचाही नेमका तोच. मादी एका विणीत एकच अंडे घालते. दोरावरचा माणूस पाहून ती उडाली की कपारीतले अंडे उघडे पडते. ते गेले तर जोडीचे बहुधा वर्षच वाया जाते. कातळावर विष्ठेचे चुन्यासारखे पांढरे ओघळ दिसले की वर घरटे असणार असे समजून मी चढाईची वाट बदलतो. अमेरिकेत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानामध्ये बहिरी ससाण्यांसाठी काही चढाईमार्ग विणीच्या काळात बंद ठेवतात. वनविभाग आणि गिर्यारोहण संस्थांनी मिळून आपल्याकडच्या अशा कड्यांची यादी नोव्हेंबरपूर्वी जाहीर करावी.

– एक गिर्यारोहक, पुणे