तुम्ही त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

बेळगाव
रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

आषाढीला नंदगडला आले तेव्हा दोन्ही दिवस मी लॅपटॉप मांडीवर घेऊन सोप्यात बसून राहिले, याचे मला नंतर वाईट वाटले. जेवताना बाबांनी विचारले, "पेपर यंत्रच तपासत असेल तर तू एवढा वेळ काय करत होतीस?" आईने विचारले की, त्यात मुलांची तोंडे तरी दिसतात का. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि हे दोन वाक्यांत सांगण्यासारखेही नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या कॉलेजात दोन वर्षांपासून 'मूडल' नावाची प्रणाली वापरतात. प्रत्येक विषयासाठी तिच्यात एक वर्ग असतो. त्या वर्गात मी टिपणे ठेवते, गृहपाठ देते, चाचणी लावते, आणि मुले आपापल्या नावाने व पासवर्डाने आत येऊन ती कामे करतात. हजेरीपट, गुणांची वही आणि बाबांच्या टेबलावर सुतळीने बांधलेले असायचे ते उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, हे सगळे आता एका ठिकाणी आहे असे समजा. बाबांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे हे ज्याने बनवले तो मार्टिन डूजियामास ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढला. शाळा दूर असल्यामुळे तो लहानपणी रेडिओवरून शिकला. मूडलची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली आणि ती सर्वांना फुकट वापरता येते, म्हणून आमच्यासारख्या बेताच्या पैशांच्या कॉलेजालाही ती परवडली. रेडिओसमोर कान लावून धडे ऐकणाऱ्या मुलाला अशी सोय सुचावी, यात मला काहीच नवल वाटत नाही.

पडद्यावरच्या सूचना ज्याच्या त्याच्या भाषेत दिसतात. माझ्या शेजारच्या टेबलावरची कन्नड शिकवणारी मैत्रीण त्या कन्नडमध्ये वाचते, मी मराठीत. दोन्हीकडची भाषांतरे अर्धवट आहेत, त्यामुळे मध्येच इंग्रजी शब्द डोके वर काढतात आणि मग आम्ही दोघी एकमेकींना विचारतो. बहुतेक वेळा दोघींनाही कळलेले नसते.

आता चाचणीविषयी. गेल्या महिन्यात मराठीच्या वर्गाची पहिली चाचणी सोमवारी सकाळी दहाला लावली होती. चाळीस मुले संगणकाच्या खोलीत बसली, दहा वाजले, दहा वाजून दहा मिनिटे झाली, तरी पडद्यावर 'ही चाचणी सोमवारी सकाळी दहा वाजता उपलब्ध होईल' एवढेच वाक्य. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मॅडम, पेपर उघडंनाच की ओ." मी आधी नेटला, मग वायरीला आणि शेवटी मनातल्या मनात शिपायालाही दोष दिला. चूक यातली कुठलीच नव्हती. ज्या संगणकावर आमची ही साइट ठेवलेली आहे, त्याचे घड्याळ भारतीय वेळेवर लावायचे राहून गेले होते. ते जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, चालत होते. त्याच्या लेखी आत्ता पहाटेचे साडेचारच वाजले होते आणि आमची दहाची चाचणी दुपारी साडेतीनला उघडणार होती. कारण लक्षात आल्यावर मी चाचणी सुरू होण्याची वेळ पहाटेची साडेचार केली आणि पेपर तत्काळ उघडला. खोलीत टाळ्या वाजल्या, त्या माझ्यासाठी होत्या की सुटलेल्या वीस मिनिटांसाठी, हे मी विचारले नाही.

एवढे दिवस हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही, याचे उत्तर मला घरी येताना रिक्षात सुचले. गृहपाठाची शेवटची वेळ मी नेहमी रात्री बाराची ठेवत असे. ती खरोखर संपत होती पहाटे साडेपाचला. मुलांना रोज साडेपाच तास सवलत मिळत होती आणि साहजिकच कोणी तक्रार केली नव्हती. घड्याळ दुरुस्त झाल्यावर आधी लावून ठेवलेल्या सगळ्या तारखांच्या वेळा साडेपाच तासांनी पुढे सरकलेल्या दिसू लागल्या. त्या एकेक करून मला हाताने बदलाव्या लागल्या. आषाढीच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला पाहिलेत ते हे करताना.

दुसऱ्या दिवशी मी जे करत होते ते बाबांच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. पर्याय निवडण्याच्या प्रश्नांचे गुण यंत्र क्षणात देते, त्यात माझे काही काम उरत नाही. पण ज्या प्रश्नाचे उत्तर मुलाने एका-दोन शब्दांत लिहायचे असते, तिथे मी आधी अपेक्षित उत्तर भरून ठेवते आणि यंत्र मुलाची अक्षरे माझ्या अक्षरांशी ताडून पाहते. अर्थ त्याला कळत नाही. 'दर्पण' कोणत्या साली सुरू झाले, या प्रश्नाला मी १८३२ हे उत्तर देवनागरी अंकांत भरले होते. अकरा मुलांनी तेच साल इंग्रजी अंकांत लिहिले आणि अकराही जणांना शून्य मिळाले. 'दर्पण' कोणी सुरू केले, याचे उत्तर तर आणखी कठीण झाले. 'बाळशास्त्री जांभेकर' हे मी भरलेले. मुलांनी 'आचार्य बाळशास्त्री जांभेकर' लिहिले, नुसते 'जांभेकर' लिहिले, 'बाळशास्त्रि' ऱ्हस्व लिहिले, आणि आपल्या भागात जसे बोलतात तसे 'जांबेकर'ही लिहिले. सगळ्यांना शून्य.

मग मी एकेक उत्तर वाचत बसले. एका प्रश्नाला अनेक उत्तरे आणि प्रत्येकाला वेगळे गुण ठेवता येतात. इंग्रजी अंकांतल्या सालाला पूर्ण गुण दिले, 'जांबेकर'ला आणि ऱ्हस्व 'बाळशास्त्रि'ला निम्मे. बाबा ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा गुण कापत असत, त्याच मापाने. शब्दाच्या अलीकडे-पलीकडे तारांकन (* ही खूण) घातले की मागेपुढे काहीही लिहिलेले चालते, म्हणून 'जांभेकर'भोवती तारांकने घातली. मग लक्षात आले की कोणी 'जांभेकर नव्हेत' असे लिहिले तरी यंत्र त्याला पूर्ण गुण देईल. तसे कोणी लिहिले नव्हते, पण मी ते काढून टाकले आणि चालण्याजोगी रूपे एकेक करून भरली. शेवटी फेरगुणांकनाचे बटण दाबले आणि चाळीसही मुलांचे गुण एकदम बदलले. पूर्वी गठ्ठा पुन्हा सोडून पहिल्यापासून बेरजा कराव्या लागल्या असत्या. हे सुख मात्र मी नाकारणार नाही.

आता आईचा प्रश्न. तोंडे दिसत नाहीत. कोणी कुठले टिपण किती वाजता उघडले याची नोंद मात्र मिनिटासकट दिसते, आणि सुरुवातीला मला वाटले की एवढे दिसले की पुरे. जांबोटीकडून येणाऱ्या एका मुलीच्या नावापुढे सलग नऊ दिवस काहीच नव्हते. मी मनात तिला आळशी ठरवून मोकळी झाले होते. वर्गात भेटली तेव्हा विचारले, तर घरी भाताची रोपलावणी चालू होती, घरात फोन एकच आणि तो भावाबरोबर शेतात. शिवाय पावसात वीज गेली की रेंजही जाते. नोंदीत नऊ रिकाम्या ओळी तेवढ्या होत्या, त्यांच्यामागचा चिखल त्यात कुठून दिसणार? मूडलच्या अॅपमध्ये धडे फोनवर उतरवून घेता येतात आणि नंतर नेटशिवाय वाचता येतात, हे तिला माहीतच नव्हते. आता ती कॉलेजच्या वाय-फायवर आठवड्याची टिपणे उतरवून घेते आणि मग बस पकडते. ही युक्ती मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायला हवी होती, ती चूक माझी.

निबंध मात्र मी अजूनही वहीतच लिहून घेते. मुले पानांचे फोटो एकत्र करून पाठवतात आणि मी पडद्यावर लाल रंगाने दुरुस्त्या करते. अक्षर पाहिले की मूल ओळखू येते, एवढे तरी आईला सांगता येईल.

बाबा, एक काम आहे. तुमच्या तीस-बत्तीस वर्षांत मुलांनी नेहमी चुकवलेले शब्द तुम्हाला पाठ असणार. एका वहीत पानाच्या डाव्या बाजूला शुद्ध रूप आणि उजव्या बाजूला मुले लिहितात ती सगळी रूपे लिहून ठेवाल का? चुकलेल्या रूपापुढे किती गुण द्यावेत तेही लिहा, भांडण झाले तर समोरासमोर करू. येत्या शनिवारी दुपारच्या गाडीने येते, तेव्हा आपण दोघे बसून ते प्रश्नसंचात भरू. आई, या वेळी रात्रीच्या जेवणाआधी लॅपटॉप बंद असेल.

डोळ्यांचे थेंब संपत आले असतील तर कळवा, येताना घेऊन येते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची मुलगी