चाचा, खिडकीतून पुन्हा बालाघाटचे डोंगर दिसतात

आदरणीय मिस्त्री चाचा, सलाम.

त्या दिवशी निघायच्या घाईत आभार मानायचेच राहिले. ओळख पटावी म्हणून सांगतो: कॅराव्हॅन, म्हणजे आमची राहायची गाडी, घेऊन अंबाजोगाईत तुमच्या रंगकामाच्या शेडवर आलेला, सारखी घाई करणारा तो मीच.

बहिणीच्या शेताच्या वाटेवर वेड्या बाभळीनं डावीकडच्या दोन्ही खिडक्या ओरबाडल्या होत्या. त्यावरची धूळ मी कोरड्या फडक्यानं पुसली आणि ओरखडे दुप्पट केले. तुम्ही नुसतं नख फिरवून पाहिलंत. "भाऊ, ही काच न्हाई, अ‍ॅक्रिलिक हाय, म्हंजी पारदर्शक प्लास्टिक. नख अडकतंय तिथं घासू, बाकी नुसतं पॉलिश."

मी थिनरचा डबा उचलला, तो तुम्ही हातातून काढूनच घेतलात. थिनर, पेट्रोल, स्पिरिट, इतकंच काय, काच पुसायच्या स्प्रेतला अमोनियाही अ‍ॅक्रिलिकला सोसत नाही. आत केसासारख्या चिरा पडतात, हे तेव्हा कळलं. (घरी तो निळा स्प्रे तयारच ठेवला होता.)

मग साबणाचं पाणी आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश कागद. खिडकी दुधासारखी पांढरी झाली आणि आमची मंडळी म्हणाली, "होती तीच बरी होती." माझंही काळीज हललं होतं. तुम्ही मान वर न करता त्याहून बारीक १२०० घेतला, मग २०००. एकदा आडवं, एकदा उभं, म्हणजे आधीच्या कागदाच्या रेघा उरल्या की लगेच दिसतात. शेवटी फ्लॅनेलवर कंपाऊंड, म्हणजे चमक आणायची पेस्ट. मशीन लावा म्हटलं तर "तापलं की मऊ पडतंय" म्हणून हातानंच घासत राहिलात.

बिजागरीजवळचा खोल ओरखडा मात्र तसाच ठेवलात. तेवढ्याच जागी खोल घासलं तर खड्डा पडून पलीकडचं लाटेसारखं वाकडं दिसतं, म्हणालात. खरं सांगतो, तेव्हा मी नाराज झालो होतो.

गेल्या महिन्यात उजवीकडची खिडकी मी स्वतः घासायला घेतली. वीतभर जागेलाच दीड तास गेला, खांदा दोन दिवस वर होईना. तेव्हा हिशेब केला, चाचा: मजुरी तुम्ही फार कमी घेतलीत. पुढच्या फेरीत उरलेली घेऊन येतो. नाही म्हणू नका. आणि ती अर्धवट खिडकीही तुमच्याकडंच आणतोय.

तुमचा,
कॅराव्हॅनवाला भाऊ