जाहिराती मोजण्याआधी

सांगली जिल्ह्यातील कौशल्य प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम ठरवताना ऑनलाइन नोकरीच्या जाहिरातींचे विश्लेषण आधाराला घेणार, ही आपल्या अंकातील बातमी वाचली. कल्पना स्वागतार्ह आहे. पण जाहिराती नुसत्या मोजल्या तर आकडे दिशाभूल करतील.

एकच जागा तीन-चार संकेतस्थळांवर झळकते आणि भरली नाही तर पुन्हा टाकली जाते. कंपनी, पद व ठिकाण जुळणाऱ्या 30 दिवसांतील जाहिराती एकच धराव्यात. कार्यालयाचा पत्ता पुण्याचा आणि काम कुपवाडला, असेही होते. म्हणून कामाच्या ठिकाणाचा रकाना स्वतंत्र हवा.

खरी गफलत पदनामांत होते. ‘सीएनसी ऑपरेटर’ (संगणक-नियंत्रित यंत्र चालवणारा) म्हणून ज्याला घेतात, तो कुठे फक्त घडवायचा तुकडा यंत्रात लावून ठरलेली क्रिया सुरू करतो, तर कुठे हत्याराच्या मापाची नोंद (टूल ऑफसेट) यंत्रात देऊन पहिला नग मायक्रोमीटर या सूक्ष्म मापकाने तपासतो. दुसरे काम सेटरचे, म्हणजे यंत्र जुळवून देणाऱ्याचे, त्याचे प्रशिक्षणही वेगळे. त्यामुळे पदनाम नव्हे, कामाचे वर्णन वाचून प्रत्येक जाहिरातीला ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण 2015’ या सरकारी यादीतील त्या कामाचा आठ अंकी संकेतांक द्यावा. संगणकाने दिलेल्या संकेतांकांपैकी किमान 200 नोंदी जाणकाराकडून तपासून घ्याव्यात.

एवढे करूनही कुपवाड-मिरजेतील लहान वर्कशॉप सुटतातच, कारण तिथे माणूस ओळखीने मिळतो. तासगावच्या बेदाणा शेडवरील हंगामी काम तर ऑनलाइन जाहिरातीत क्वचितच येते. यांची प्रत्यक्ष पाहणी झाल्याशिवाय अभ्यासक्रमांची यादी अंतिम करू नये.

– एक वाचक, सांगली