दोन मॉनिटर आणि आपली एकच विंडो

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: दोन स्प्रेडशीट दोन मॉनिटरवर स्वतंत्र विंडोत उघडत नसल्याबाबत (पाचवी तक्रार)

महोदय,

आपले सॉफ्टवेअर कसे चालते हे आपणांस माहीत आहे, त्यामुळे त्याची ओळख करून देत नाही. आपल्या प्रतिनिधींशी झालेला पाचवा फोन आत्ताच, दुपारी पावणेतीन वाजता संपला. सदाशिव पेठेतला माणूस या वेळेला स्वतःहून फोन करतो, यावरून निकड लक्षात यावी.

आपली मुख्य विंडो एकच असून उघडलेल्या सगळ्या फाइली तिच्या पोटात राहतात. त्यांपैकी एक ओढून उजव्या मॉनिटरवर नेऊ लागलो की ती चौकटीच्या कडेला अडते, आणि विंडोज, शिफ्ट व बाणाची कळ एकत्र दाबली तर दोन्ही फाइलींसह सगळा संसारच पलीकडे जातो.

मी कर सल्लागार आहे. दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होते आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांना ते विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-3बी, 20 तारखेपर्यंत भरायचे असते. मधल्या दिवसांत पक्षकारांची खरेदीची नोंदवही डावीकडे आणि 2बी उजवीकडे ठेवून बिले जुळवावी लागतात. पुरवठादाराने बिल क्रमांकात शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाकला किंवा तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ दिली, तर सूत्राला ते बिल सापडत नाही. ते माणसाच्या डोळ्यालाच सापडते, आणि त्यासाठी दोन्ही याद्या एकाच वेळी समोर असाव्या लागतात. ही चैन नव्हे.

आपल्याकडून आजवर दोन उपाय सुचवण्यात आले. पहिला, मुख्य विंडो दोन्ही मॉनिटरवर ताणण्याचा. माझा डावा मॉनिटर 1920 बाय 1080 आणि उजवा, जुना, 1366 बाय 768 असल्यामुळे उजव्या फाइलचा तळ, शीटच्या नावांसकट, कोणालाच न दिसणाऱ्या जागेत जातो. दुसरा, प्रोग्राम दोनदा उघडण्याचा. तसे केल्यावर आपलेच सॉफ्टवेअर दुसरा परवाना विकत घेण्यास सांगते. आपण एका दिवसापुरता तो चाचणीसाठी दिलात, तेव्हा एका प्रतीतल्या सूत्राला दुसऱ्या प्रतीतला रकाना क्लिक करून जोडता येत नाही आणि सूत्रे चिकटवली की नुसते आकडे उतरतात, एवढेच सिद्ध झाले.

आता आजचा फोन. चाळीस मिनिटे संगीत ऐकवल्यानंतर आपल्या प्रतिनिधींनी विचारले, “सर, दुसरा मॉनिटर आपण नेमका कशासाठी घेतला आहे?” मी म्हणालो, दोन फाइली शेजारी शेजारी पाहण्यासाठी. त्यावर, “पण सर, माणूस एका वेळी एकाच ठिकाणी बघतो ना?” मी गप्प राहिलो. त्यांना ती संमती वाटली असावी, कारण पुढचा सल्ला लगेच आला: “आपण एका फाइलची प्रिंट काढून शेजारी ठेवू शकता.” मी शांतपणे सांगितले की माझे वडील रोजकीर्द आणि खतावणी एकाच टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवत आणि त्यासाठी त्यांना कोणाच्या परवान्याची गरज पडत नसे. यावर क्षणभर विचार करून ते गृहस्थ म्हणाले, “मग सर, आपण वहीचा पर्याय वापरून पाहू शकता.” मागोमाग, आणखी काही मदत हवी आहे का, अशी विचारणा. फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत संदेश आला की माझी तक्रार ‘समाधानकारकरीत्या निकाली’ निघाली आहे. समाधान कोणाचे झाले, याचा त्यात उल्लेख नाही.

ही रचना बदलणे अशक्य आहे, असे आपण तिसऱ्या फोनवर सांगितले होते. एक्सेलमध्येही 2010 च्या आवृत्तीपर्यंत सगळी वर्कबुके, म्हणजे उघडलेल्या फाइली, एकाच मुख्य विंडोत राहत; 2013 च्या आवृत्तीपासून प्रत्येक वर्कबुकाला स्वतःची विंडो मिळाली. आपल्याकडे अशक्य असलेली गोष्ट इतरत्र एवढी जुनी झाली आहे. शिवाय आपल्या माहितीपत्रकात ‘अनेक मॉनिटरांसाठी उपयुक्त’ असे छापले आहे. ते वाचूनच मी सलग सहा वर्षे वर्गणी भरली आणि तीन पक्षकारांनाही हेच सॉफ्टवेअर घ्यायला लावले, याची आता त्यांच्यासमोर लाज वाटते.

स्वतंत्र विंडोची सोय कधी देणार, की देणारच नाही, हे 15 दिवसांत लेखी कळवावे. फोन करू नये. सोय देणार नसल्यास उरलेल्या मुदतीची वर्गणी परत करावी. अन्यथा पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. माझा वापर व्यावसायिक असल्याचा मुद्दा काढू नये: केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून केलेला वापर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूचा मानलेला नाही. आणि दोन फाइली दोन मॉनिटरवर स्वतंत्रपणे उघडत नाहीत, हे पुन्हा एकदा लिहितो, कारण पाचही वेळा ते कोणी लिहून घेतले नसावे.

आपला (मार्चपर्यंत) ग्राहक,
एक कर सल्लागार
सदाशिव पेठ, पुणे 30

ता. क. आजच्या सेवेला एक ते पाच गुण देण्याची विनंती करणारा आणखी एक संदेश आला आहे. त्यात शून्याची सोय नाही.