बाकावर बसवलेला माणूस

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पानावरचा इजिप्तचा फुटबॉलपटू मोहम्मद सालाह याच्यावरचा लेख वाचला. आधी मथळा. ‘साला पुन्हा चमकला!’ त्याच्या नावाच्या शेवटी एक ‘ह’ आहे. तेवढ्यापुरती शाई कमी पडत असेल तर आम्ही वाचक वर्गणी काढू. नातवानं चहाच्या वेळी तो मथळा मोठ्यानं वाचला आणि सूनबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

पण डोकं फिरलं ते ‘चेल्सीत अपयशी ठरलेला’ या शब्दांनी. एका लेखात तीनदा! अहो, लंडनच्या चेल्सी क्लबनं त्याला जानेवारी २०१४ मध्ये उचललं, कारण जेमतेम काही महिन्यांपूर्वी स्वित्झर्लंडच्या बाझल क्लबकडून त्यानं चॅम्पियन्स लीगच्या दोन्ही सामन्यांत त्यांच्यावरच गोल मारले होते. आणला, आणि वर्षभरात लीगमध्ये मोजून १३ वेळा मैदान दाखवलं, त्यातही कितीदा बदली म्हणून. नापास म्हणायला आधी पेपर तरी लिहू द्यावा लागतो.

हे मला का झोंबलं ते सांगतो. तरुणपणी आमच्या पेठेच्या संघात मी दोन हंगाम राखीव होतो. बूट घालायचे, बाकावर बसायचं, घामाचा थेंब न गाळता घरी यायचं. एका उपांत्य सामन्यात शेवटची चार मिनिटं राहिली असताना उस्तादांनी मला आत ढकललं. अंग थंड, पाय लाकडासारखे. समोर मोकळा गोल, आणि चेंडू बारवरून थेट गॅलरीत. दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्रात (कोणत्या ते सांगत नाही) छापून आलं, ‘बदली खेळाडू अपयशी’. मागची दोनशे मिनिटं बाकावर कोण होतं, हे लिहायला त्यांच्याकडं जागा नव्हती. वडिलांनी ते कात्रण जपून ठेवलं होतं. अजून आहे, हवं तर पाठवतो.

गंमत म्हणजे सालाहचं नशीब उघडलं तेही बदली म्हणूनच. फेब्रुवारी २०१२ मध्ये इजिप्तमधल्या पोर्ट सैदच्या फुटबॉल मैदानात दंगलीत ७४ माणसं गेली, तिथली लीग बंद पडली. मग बाझलनं इजिप्तच्या २३ वर्षांखालील संघाशी मैत्रीपूर्ण सामना ठेवला. हा उत्तरार्धात उतरला आणि दोन गोल करून गेला. चेल्सीनं पुढं इटलीच्या फियोरेंटिनाला उसना दिला, तेव्हा त्यानं पाठीवर ७४ आकडा घेतला, त्या मेलेल्यांसाठी. तुमच्या लेखात हे एका ओळीतही नाही. नाग्रिग या त्याच्या गावाहून कैरोला बस बदलत जाण्याची गोष्ट मात्र परत सविस्तर. ती आता आमच्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे.

लिव्हरपूलकडून पहिल्याच हंगामात लीगमध्ये ३२ गोल, २०२४-२५ मध्ये २९ गोल आणि वर १८ गोलांना पास. ‘अपयशी’ माणसाचे हे आकडे तुम्हीच चौकटीत छापलेत. वरचा मजकूर आणि खालची चौकट एकाच माणसानं वाचली होती का?

कळावे,
एक जुना राखीव खेळाडू, कोल्हापूर

ता. क. ‘अंक छपाईला जाईपर्यंत सामना सुरू होता’ असं छापता, ठीक आहे, रात्र होते. पण मग तिसऱ्या दिवशी तरी निकाल द्या. गेल्या बुधवारचा सामना तुमच्या पानावर अजून सुरूच आहे.